समुद्र राखायचा कोणी?

मालवणच्या धक्क्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले, म्हणजे एकाच पाण्यावर तिघे जण हक्क सांगत आहेत हे ध्यानात येते. पहिला रात्रीचे जाळे घेऊन परतलेला मच्छीमार. दुसरा पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून आलेला प्रवासी; त्याला होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ला पाहावयाचा असतो, आणि जमलेच तर तोंडात नळी धरून पाण्याखालची प्रवाळेही. तिसरा हक्कदार धक्क्यावर दिसत नाही. तो सरकारी दप्तरात आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ह्या कायद्याखाली मालवणचा हा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर केला. तेव्हापासून ह्या पाण्याविषयीचा वाद मिटलेला नाही.

आम्ही काही समुद्रशास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले; जे थोडे शास्त्र कळले ते पुस्तके वाचून आणि मच्छीमारांच्या ओसरीवर बसून. परंतु कामाच्या जागी नियम कोणी करावयाचा, त्याचा बोजा कोणी उचलावयाचा आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडावयाचे, हे तीन प्रश्न आमच्या रोजच्या व्यवहारातले आहेत. मालवणचा प्रश्न मुळात ह्याच तीन प्रश्नांचा आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच त्याविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम हे अभयारण्य आहे तरी केवढे ते पाहू. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग म्हणजे गाभा. सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचे पद्मगडाचे बेट आणि आसपासचे पाण्याखालचे खडक ह्या गाभ्यात येतात. उरलेला २५.९४ चौरस किलोमीटरचा पट्टा गाभ्याच्या भोवतालचा. गाभ्यात मासेमारीला मज्जाव आणि भोवतालच्या पट्ट्यात नियम पाळून मुभा, अशी ही कल्पना आहे. म्हणजे शंभर भाग समुद्रापैकी सुमारे अकरा भाग पुरते राखावयाचे. हिशेब कागदावर पाहिला तर मागणी काही अवास्तव दिसत नाही.

हेच अकरा भाग का राखावयाचे? कारण तेथे खडक आहे आणि खडकावर प्रवाळ आहे. प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. अगदी बारीक अशा असंख्य प्राण्यांची ती वसाहत असते. हे प्राणी अंगाभोवती चुन्याचे घर बांधतात, आणि त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळी सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसते. ह्या घरांच्या कपारींत शेवंड लपते, तांबोशीसारखे खडकाळीचे मासे थारा घेतात, कितीतरी जातींची पिल्ले मोठ्या माशांच्या तोंडातून वाचतात. उघड्या वाळूवर मासळी येते आणि जाते. खडकावर ती वाढते. २००१ पासून प्रवाळाला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसविलेले आहे.

खडक राखल्याने मच्छीमाराचा काय फायदा, हे समजावून घ्यावयाचे तर शेतकऱ्याच्या घरी जावे. घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याच्या कणगीला तो शक्यतो हात लावीत नाही. समुद्रातले बियाणे म्हणजे मोठी, वयाने वाढलेली मादी. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते, आणि अंडी वजनाच्या मानाने वाढतात. तेव्हा एक मोठी मादी वाचविणे म्हणजे कितीतरी लहान माद्या वाचविण्यासारखे आहे. परंतु आपले जाळे नेमके मोठ्या माशालाच आधी गाठते, कारण बाजारात भाव त्याला आहे. समुद्रात एखादी जागा अशी ठेवली की जेथे जाळे पोहोचणार नाही, तर तेथे ह्या माद्या वाढतात, त्यांची अंडी-पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेर जातात, आणि जागा भरली की मोठे मासेही हद्द ओलांडून बाहेर येतात. हद्दीबाहेर उभ्या असलेल्या होडीला ते मिळतात.

हे केवळ तर्काने ठरलेले नाही. त्याचा पडताळा पुष्कळ ठिकाणी आला आहे. त्यातला फिलिपीन्सच्या दोन बेटांचा दाखला आम्ही मुद्दाम देतो, कारण तेथला मच्छीमार आपल्यासारखाच लहान होडीचा धनी आहे. सुमिलोन नावाच्या बेटाभोवती १९७४ साली खडकाचा सुमारे चौथा भाग सिलिमन विद्यापीठाच्या पुढाकाराने मासेमारीला बंद करण्यात आला. अँजेल अल्काला हे त्या कामाचे प्रमुख शास्त्रज्ञ. पुढे १९९२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये स्थानिक राजकारण फिरले, बंदी मोडली आणि सारा खडक खुला झाला. मासेमारीला जागा अधिक मिळाली, तेव्हा मासळीही अधिक मिळावी, असे कोणालाही वाटेल. घडले ते उलटे. अल्काला आणि त्यांचे सहकारी गॅरी रस ह्यांनी मोजून दाखविले की, बंदीच्या अखेरच्या वर्षातील उत्पन्नाच्या तुलनेत दोन वर्षांत मासळी ५४ टक्क्यांनी घटली. बियाण्याची कणगी फुटली होती, आणि काही काळ सर्वांनी पोटभर खाल्ले होते, एवढाच त्याचा अर्थ.

मग इतकी उघड गोष्ट मालवणच्या मच्छीमाराला पटू नये काय? तो अडाणी आहे म्हणून विरोध करतो, असे शहरातली शहाणी माणसे सहज बोलून जातात. आम्ही त्यांच्या बैठकांना बसलो आहोत. एका वयस्क तांडेलाने आम्हांस जे ऐकविले ते अजून कानांत आहे: "दर्या राखूक व्हयो, ता आमका ठावक आसा. पण आमका राखतलो कोण?" ह्या एका वाक्यात विरोधाचे सारे कारण आले.

मालवणचा पारंपरिक मच्छीमार बहुतांशी गाबीत समाजाचा. त्याची जुनी रीत म्हणजे रापण. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडावयाचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढावयाची. ओढायला चाळीस-पन्नास, कधी त्याहून अधिक माणसे लागतात. आणि मिळालेल्या मासळीत ओढणाऱ्याला वाटा, जाळ्याला वाटा, होडीला वाटा, असा हिशेब वाळूवरच होतो. आम्ही संघटनेची माणसे ज्या गोष्टीसाठी जन्मभर भांडतो, ती ही माणसे कोणत्याही घटनेवाचून पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. रापणीला खोल समुद्रात जाता येत नाही. तिला बांगडा आणि तारली किनाऱ्याला येण्याची वाट पाहावी लागते.

ही मासळी किनाऱ्याला येण्यापूर्वी वाटेतच उचलणारे दुसरे आहेत. ट्रॉलर समुद्राचा तळ खरडत जातो. पर्ससीनचे जाळे थव्याभोवती फिरवून खालून दोरी आवळली की बटव्यात नाणी सापडावीत तसा सगळा थवा सापडतो. रात्री प्रखर एलईडी दिवे लावले की लांबची मासळीही उजेडाला जमते. ह्या सगळ्यावर कायदे नाहीत असे नाही. गोव्यात सत्तरीच्या दशकात रापणकारांनी मथानी साल्ढाणा ह्यांच्यासारख्यांच्या पुढारीपणाखाली मोठा लढा दिला आणि १९८० चा मासेमारी नियमन कायदा त्यातून आला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीला बंदी केली. २०२१ च्या दुरुस्तीने राज्याने दंड लाखांच्या घरात नेले. तरीही मालवणचा मच्छीमार रात्री किनाऱ्यावर उभा राहून बाहेरच्या समुद्रातले दिवे मोजतो.

आता त्याच्या जागी आपण उभे राहून पाहावे. ज्याने अधिक नासधूस केली तो बारा सागरी मैलांच्या आतबाहेर खेळतो आहे, त्याच्यामागे धावायला पुरेशा गस्ती नौका नाहीत. आणि जो किल्ल्याजवळच्या खडकावर गळ टाकून घरच्या कालवणापुरती मासळी काढतो, त्याच्या दाराशी अभयारण्याची हद्द येऊन थांबली आहे. गिरणीत यंत्र बिघडले म्हणजे मालकाचा जाब विचारण्याऐवजी जवळ उभ्या असलेल्या कामगाराचा पगार कापावा, तसलाच हा न्याय. मच्छीमारांची तक्रार अशीही आहे की, हद्द आखताना आपल्याला कोणी नीट विचारले नाही. अभयारण्य बराच काळ कागदावर राहिले ह्याचे हे एक मोठे कारण.

येथे कायद्याचा एक बारकावा सांगितला पाहिजे. १९९१ साली, म्हणजे मालवणनंतर चार वर्षांनी, वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि समुद्रात अभयारण्य करावयाचे तर स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचे हित राखण्याची पुरेशी तजवीज आधी करावी, असे शब्द त्यात घालण्यात आले. शब्द चांगले आहेत. पण २००२ च्या दुरुस्तीने अभयारण्यासाठी जी सल्लागार समिती सांगितली, तिची यादी वाचली तर गंमत वाटते. तीत वनाधिकारी आहेत, आमदार आहेत, पंचायतीचे तीन प्रतिनिधी आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत, गृह खात्याचा माणूस आहे, पशुवैद्यक खात्याचाही आहे. मच्छीमाराचे नाव घेऊन राखलेली जागा मात्र तीत नाही. कायदा जंगल डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला आणि तसाच समुद्रात उतरला, हे ह्यावरून दिसते.

तिसरा पक्ष पर्यटनाचा. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाण्याखालचे दर्शन हा मालवण-तारकर्लीचा मोठाच धंदा झाला. मच्छीमारांच्या कित्येक मुलांनी जाळ्याची होडी प्रवाशांची केली, कोणी पाणबुड्या वाटाड्या झाला, घरच्या बायकांनी खोल्या आणि जेवण द्यावयास सुरुवात केली. चाकरमानी होऊन मुंबईला जाणारा मुलगा गावी राहिला, ही लहान गोष्ट नव्हे. आणि एक नवाच विचार त्यातून रुजला: जिवंत खडकालाही भाव असतो. मासा एकदाच विकला जातो. दाखविलेला मासा उद्या पुन्हा दाखविता येतो.

परंतु पर्यटन म्हणजे आपोआप संरक्षण, हे मात्र खरे नव्हे. पन्नास होड्यांनी रोज खडकावर नांगर टाकला तर जाळ्याइतकीच मोडतोड होते. नवशिक्याचा पाय पडला की प्रवाळाची वर्षांची वाढ क्षणात तुटते, कारण बहुतेक प्रवाळ वर्षाला बोटाच्या पेराइतकाही वाढत नाही. मासे जमावेत म्हणून पावाचे तुकडे टाकले की माशांच्या सवयी बिघडतात. गर्दीच्या दिवसांत माणसांच्या जिवाचीही हयगय होते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पाण्याखालची सफर करून परतणारी नौका उलटली आणि दोन प्रवासी दगावले. शिवाय बाहेरचे भांडवल आले, की कालचा होडीचा धनी उद्या त्याच होडीवर रोजंदारीने राबू लागण्याची भीती आहेच. धंदा किनाऱ्यावर वाढला एवढ्याने तो किनाऱ्याच्या माणसाचा होत नाही.

मग वाट कोणती? आम्ही कामगारांत काम करताना एक गोष्ट शिकलो. सुरक्षेचा जो नियम व्यवस्थापनाने भिंतीवर चिकटविला, तो साहेबाची पाठ वळली की मोडतो. जो नियम कामगारांनी भांडून, चर्चा करून, करारात लिहवून घेतला, तो मोडणाऱ्याला शेजारचाच माणूस हटकतो. फिलिपीन्सचे दुसरे बेट, आपो, हेच सांगते. तेथे १९८२ साली गावकऱ्यांनी स्वतःच खडकाचा लहानसा भाग, सुमारे दहावा हिस्सा, बंद केला. विद्यापीठाचे लोक आधी काही वर्षे गावात बसून बोलत होते. सुमिलोनला नेऊन बंद खडकावरची मासळी त्यांनी आपोच्या लोकांना दाखविली होती. पहारा गावकऱ्यांचाच. मासळी वाढली, मग पाणबुडे प्रवासी आले आणि गावाला पैसा मिळू लागला. १९९४ मध्ये राष्ट्रीय सरकारने ती जागा आपल्या कायद्याखाली घेतली, शुल्काचा काही हिस्सा राजधानीच्या निधीत जाऊ लागला, आणि गावात लगेच नाराजी पसरली. पाणी तेच होते, नियमही जवळजवळ तेच. पण निर्णय आणि तिजोरी गावाबाहेर गेली होती.

ह्यावरून मालवणसाठी आम्हांस जे सुचते, ते एखाद्या वेतन कराराच्या कलमांसारखे मांडतो.

पहिले कलम शब्दाचे. गाभ्याची व्यवस्था पाहणाऱ्या समितीत निम्म्या जागा मच्छीमारांच्या असाव्यात, आणि त्यांत रापणीवाला, गिलनेटवाला, गळवाला, लहान ट्रॉलरवाला आणि मासळी विकणारी बाई ह्या सर्वांचा प्रतिनिधी असावा. ट्रॉलरवरचा खलाशीही मजूरच आहे. त्याला शत्रू मानून चालणार नाही.

दुसरे कलम क्रमाचे. बंदीचा अंमल मोठ्यापासून सुरू व्हावा. बेकायदा पर्ससीन आणि दिव्यांची मासेमारी आधी थांबू द्या, मग गळवाल्याला किल्ल्याचा खडक सोडण्यास सांगा. ज्याला ट्रॉलर चालवावयाचाच आहे, त्याच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीसारख्या भागाचे आस चौकोनी असावेत. नेहमीचे तिरके आस जाळे ओढले जाताच मिटतात आणि पिल्ले अडकतात; चौकोनी उघडे राहतात आणि पिल्ले निसटतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात झालेल्या प्रकल्पात चाळीस मिलिमीटरच्या अशा जाळ्याचा वापर झाला आहे. मासळी न गमावता पिल्ले वाचविण्याचा हा उपाय आहे.

तिसरे कलम वाट्याचे. पाण्याखाली उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून जे शुल्क घेतले जाईल, ते गावच्या निधीत राहावे आणि गाभा सोडणाऱ्या कुटुंबांना त्यातून आधार मिळावा. प्रवासी होड्यांचे परवाने प्रथम मच्छीमार कुटुंबांना द्यावेत, त्यांची संख्या ठरवावी, आणि नांगराऐवजी होडी बांधायला कायमच्या तरंगत्या खुणा घालाव्यात. हे अशक्य नाही. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्त्रियांचा एक बचतगट स्वतः होड्या वल्हवून प्रवाशांना कांदळवन दाखवितो. झाड उभे राहिले तरच त्यांचा धंदा उभा राहणार, म्हणून त्या त्याचा पहाराही करतात.

चौथे कलम मोजणीचे. दरवर्षी शास्त्रज्ञांनी गावातल्या पाणबुड्या मुलांना बरोबर घेऊन गाभ्यातली आणि बाहेरची मासळी मोजावी आणि आकडे धक्क्यावर फळ्यावर लिहावेत. कराराला मुदत असते. ह्यालाही पाच वर्षांची असावी. पाच वर्षांत बाहेर मासळी वाढली नाही, तर हद्द बदलण्याची मागणी करण्याचा हक्क मच्छीमाराला असावा. ज्याला हिशेब विचारता येतो, तोच धीर धरतो.

आमच्यावर एक आक्षेप येईल तो आम्हीच मांडतो. मच्छीमाराच्या हाती दिले म्हणजे समुद्र वाचेल कशावरून? पिल्ले पकडणारे, परवान्यावाचून दिवे लावणारे त्यांच्यातही आहेत. खरे आहे. संपात फुटणारा माणूस नेहमी आपल्यातलाच असतो, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. परंतु त्याला आवरण्याचे बळ पोलिसापेक्षा शेजाऱ्याजवळ अधिक असते, आणि शेजारी तेव्हाच पुढे येतो, जेव्हा नियम त्याला स्वतःचा वाटतो. दुसरीही मर्यादा सांगितली पाहिजे. गावाने कितीही राखले तरी तापलेले पाणी आणि वादळ हद्द ओळखीत नाहीत. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या अंगातली शेवाळी टाकून पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. आपोचा तो राखलेला खडक २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरातील वादळांनी बराचसा उद्ध्वस्त केला. म्हणून राखणे व्यर्थ ठरत नाही. धडधाकट माणूस आजारातून लवकर उठतो, तसाच न खरडलेला खडक.

श्रोते म्हणतील, आम्ही शहरात राहणारे, ह्यात आमचे काय काम? आपणही ह्या करारातला एक पक्ष आहात. बाजारात वीतभर सुरमईचे पिल्लू स्वस्त मिळाले म्हणून घेतो, ते बियाणे आपण खातो. सुट्टीत मालवणला गेलो की होडीवाल्याला चार प्रश्न विचारता येतात: होडी कोणाची, नांगर कोठे टाकणार, किती माणसे बसविणार, अंगरखे सगळ्यांना आहेत काय. गिऱ्हाईक विचारू लागले की धंदा सुधारतो, हा अनुभव कोणत्याही दुकानदाराला आहे. पाण्यात उतरल्यावर खडकावर पाय ठेवू नये आणि माशांना पाव घालू नये, एवढे तर कोणाच्याही परवानगीवाचून जमण्यासारखे आहे.

त्या तांडेलाच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आज एवढेच म्हणू शकतो, की त्याला राखावयाचे आणि दर्या राखावयाचा ही दोन कामे वेगळी नाहीत. १९८७ साली दुसरे काम पहिल्यावाचून सुरू केले गेले, आणि म्हणून दोन्ही अडले. आता तरी बैठक त्याच्या ओसरीवर भरवावी आणि कागद त्याच्यापुढे कोरा ठेवावा.